भरावाखालचे खाजन : एका गृहप्रकल्पाच्या जमिनीतील लहरीवेगाचे मोजमाप

पार्श्वभूमी

पणजीच्या आसपासची जमीन दोन स्वभावांची आहे. वर जांभ्याच्या टेकड्या आणि पठारे, खाली मांडवी आणि जुवारी यांच्या खाड्यांलगतची खाजने. बांध घालून आणि मानशीच्या, म्हणजे बांधातल्या जलद्वाराच्या, दारांनी भरतीचे पाणी अडवून पिढ्यान्‌पिढ्या शेतीखाली राखलेली ही सखल जमीन म्हणजे खाडीने आणून टाकलेला मऊ, पाण्याने भरलेला गाळ आहे. गेल्या काही दशकांत अशा जमिनींच्या कडांवर जांभ्याचा मुरूम आणि चिऱ्यांचा चुरा टाकून भराव झाले, त्यावर रस्ते आले, आणि टेकडी कोठे संपते व खाजन कोठे सुरू होते ही रेषा डोळ्यांना दिसेनाशी झाली.

येथे मांडलेले प्रकरण अशाच एका रेषेवरचे आहे. ओळख पटू नये म्हणून जागेचा आणि संस्थेचा तपशील वगळला आहे, आणि मोजमापे पूर्णांकात दिली आहेत. एका सहकारी गृहनिर्माण संस्थेला दोन इमारती बांधायच्या होत्या. दोन्ही स्टिल्टवर, म्हणजे खांबांवरच्या मोकळ्या तळमजल्यावर, सहा मजल्यांच्या, सुमारे 22 मीटर उंचीच्या होत्या. ‘अ’ इमारत टेकडीच्या पायथ्याशी आणि ‘ब’ इमारत तिच्यापासून साठेक पावलांवर, सपाट भरावावर. जमिनीच्या तपासणीसाठी एकच बोअर घेतले गेले होते, तेही ‘अ’च्या बाजूला. साडेतीन मीटरवर एसपीटी चाचणीचे एन मूल्य, म्हणजे नळी ठराविक अंतर आत जायला लागणाऱ्या घणाच्या ठोक्यांची संख्या, 50 च्या वर गेले, ‘खडक लागला’ अशी नोंद झाली आणि काम थांबले. ‘ब’च्या बाजूला पावसामुळे यंत्र चिखलात जाईना, म्हणून तेथे बोअर झालेच नाही. स्ट्रक्चरल डिझायनरने सावधगिरी म्हणून संपूर्ण भूखंडाला ‘मध्यम जमीन’ धरून आराखडा पुढे नेला.

गोवा भूकंपरोधक रचनेसाठीच्या भारतीय मानक 1893 च्या 2016 च्या आवृत्तीनुसार भूकंप क्षेत्र 3 मध्ये येतो. या क्षेत्राचा गुणांक 0.16 आहे, म्हणजे धोका हिमालयाच्या पायथ्याइतका नाही, पण नगण्यही नाही. कोयनानगर पणजीपासून सरळ रेषेत सुमारे 200 किलोमीटरवर आहे आणि 11 डिसेंबर 1967 चा तेथील भूकंप महाराष्ट्राच्या अजून स्मरणात आहे. संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मात्र प्रश्न निघाला तो अहमदाबादचा. 26 जानेवारी 2001 च्या भुजच्या भूकंपाचे केंद्र तेथून दोनशेहून अधिक किलोमीटर दूर असताना त्या शहरातल्या बहुमजली इमारती का कोसळल्या, असे एका सदस्याने विचारले. स्टिल्टवरच्या कमकुवत तळमजल्यांइतकेच साबरमतीच्या गाळाकडेही अभ्यासकांनी त्या वेळी बोट दाखवले होते. मेक्सिको सिटीचे उदाहरण त्याहून ठळक आहे. 19 सप्टेंबर 1985 रोजी साडेतीनशे किलोमीटरच्या आसपास दूर झालेल्या भूकंपाने जुन्या सरोवराच्या मातीवर उभा असलेला शहराचा भाग उद्ध्वस्त केला, आणि कठीण जमिनीवरचा भाग बऱ्याच अंशी बचावला. त्या सदस्याच्या आग्रहामुळे आमच्या गटाला मोजणीचे काम मिळाले.

प्रश्न

भूकंपात जमीन किती हलेल हे ठरवताना वरच्या काही दशक मीटरांतील दुय्यम लहरींचा, म्हणजे एस लहरींचा वेग महत्त्वाचा असतो. घनता आणि या वेगाचा वर्ग यांचा गुणाकार म्हणजे मातीचा कर्तन-ताठरपणा, म्हणजे आडवे सरकण्याला तिचा विरोध, त्यामुळे वेग निम्मा झाला की ताठरपणा चौथ्या हिश्श्यावर येतो. खालून येणारी लहर कठीण खडकातून मऊ थरात शिरली की तिची गती मंदावते आणि आयाम, म्हणजे हेलकाव्याचा आवाका, वाढतो. वरच्या 30 मीटरांतून लहरीला लागणाऱ्या एकूण वेळेने 30 ला भागले की जो सरासरी वेग मिळतो, त्याला व्हीएस 30 म्हणतात. बराच काळ रूढ असलेल्या अमेरिकी वर्गवारीत 360 ते 760 मीटर प्रतिसेकंद हा ‘क’ वर्गाशी जुळणारा घट्ट थर, 180 ते 360 ही ताठ माती, आणि 180 च्या खाली मऊ माती धरली जाते. आपल्या 2016 च्या मानकात मात्र जमिनीचा प्रकार एन मूल्यावरून ठरतो, वेगावरून नाही.

म्हणून आम्हाला दोन गोष्टी शोधायच्या होत्या. ‘ब’ इमारतीखाली प्रत्यक्षात काय आहे आणि कोठवर आहे ही एक. त्या जमिनीचा स्वाभाविक दोलनकाल, म्हणजे एका हेलकाव्याला लागणारा वेळ, किती आहे आणि तो इमारतीच्या दोलनकालाशी जुळतो काय ही दुसरी.

विचारात घेतलेले पर्याय

सर्वांत सरळ उपाय म्हणजे ‘ब’च्या बाजूला तीन-चार खोल बोअर. पण जमीन ओली होती, यंत्र आत नेण्यासाठी आणखी भराव टाकावा लागला असता, आणि संस्थेला कर्जाच्या हप्त्यासाठी अहवाल लवकर हवा होता. प्राथमिक लहरींच्या अपवर्तनाची जुनी पद्धत स्वस्त होती, पण ती आम्ही लगेच बाजूला ठेवली. भूजल जमिनीपासून जेमतेम मीटरभर खाली होते, आणि पाण्याने भरलेल्या मातीत प्राथमिक लहर पाण्याच्याच वेगाने, सेकंदाला सुमारे 1500 मीटरने जाते, मग ती माती गाळ असो की वाळू. एस लहर पाण्यातून जाऊ शकत नाही, तिला मातीच्या सांगाड्यातूनच जावे लागते, म्हणून आम्हाला हवा होता तो एस लहरींचाच वेग.

उरल्या पृष्ठलहरींच्या पद्धती. त्यांतल्या एमएएसडब्ल्यू या पद्धतीत जमिनीवर एका ओळीत जिओफोन, म्हणजे कंपने टिपणारी छोटी उपकरणे, रोवून एका टोकाला घण मारला जातो. वेगवेगळ्या वारंवारतेच्या रॅले लहरी (एक प्रकारच्या पृष्ठलहरी) वेगवेगळ्या खोलीपर्यंत पोचतात आणि वेगवेगळ्या गतीने धावतात; त्या फरकावरून खोलीनुसार एस-वेग काढता येतो. कॅन्सस येथील संशोधकांनी 1999 मध्ये ही पद्धत व्यवस्थित मांडली, तेव्हापासून शहरी भागात ती रुळली आहे. दुसरी पद्धत त्याहून साधी आहे. तीन दिशांची कंपने मोजणारे एकच उपकरण जमिनीवर ठेवायचे, समुद्राच्या लाटा आणि वाहतूक यांनी अखंड चालू असलेली सूक्ष्म कंपने अर्धा-पाऊण तास नोंदवायची, आणि आडव्या व उभ्या कंपनांचे गुणोत्तर काढायचे. या एच/व्ही गुणोत्तराला जेथे शिखर येते, ती साधारणपणे जमिनीची स्वाभाविक वारंवारता असते. नाकामुरा यांनी 1989 मध्ये ही रीत प्रचारात आणली.

वेळ आणि पैसा पाहून आम्ही एमएएसडब्ल्यूच्या दोन ओळी आणि एच/व्हीची काही ठिकाणे निवडली. बोअर ‘गरज पडल्यास’ या शब्दांवर पुढे ढकलले, आणि आमची पहिली चूक याच दोन शब्दांत होती.

पहिली मोजणी

‘अ’च्या बाजूची ओळ समाधानकारक आली. वरचे चार मीटर जांभ्याचे कठीण कवच, त्यात एस-वेग सुमारे 600. त्याखाली दहा मीटर पांढरट-जांभळी चिकण माती, वेग 280. मग झिजलेला खडक, वेग 550. येथे एक गोष्ट नजरेत भरली. बोअरमध्ये ज्याला ‘खडक’ म्हटले होते तो जांभ्याचा वरचा थर होता आणि त्याच्याखाली त्याच्या निम्म्याहून कमी वेगाची माती होती. गोव्यात जांभ्याची खाण पाहिलेल्या कोणालाही हे ठाऊक असते. वरचे चिरे काढून झाले की खाली हाताने कुस्करता येणारी माती लागते. तरी तीस मीटरांची सरासरी 420 निघाली आणि एच/व्हीला ठळक शिखर नव्हते. ‘अ’ इमारतीबद्दल काळजीचे कारण राहिले नाही.

‘ब’च्या बाजूला ओळ घालायला जागा कमी होती. एक-एक मीटरवर 24 जिओफोन ठेवले, म्हणजे ओळीची लांबी 23 मीटर. मुरूम इतका दाबलेला होता की जिओफोनचा खिळा हाताने शिरेना. पहारीने भोक पाडून तो बसवावा लागला. लोखंडी पट्टीवर घण पडला की पट्टी टणकन उडायची. तो टणत्कार ऐकून गटातल्या सर्वांचेच मत झाले की जमीन चांगली आहे, आणि त्या मताने पुढे आमचा घात केला.

गणिताने दिलेले उत्तर असे होते : वरच्या थरात वेग 175, मग 200, मग 255, आणि 20 मीटरांखाली 360. व्हीएस 30 आला 246. डिझायनरने धरलेल्या ‘मध्यम जमिनी’शी तो नीट जुळत होता, आणि संस्थेच्या सचिवांना हा आकडा आम्ही फोनवर सांगूनही टाकला.

न जुळणारे शिखर

त्याच संध्याकाळी एच/व्हीच्या नोंदी तपासल्या. ‘ब’च्या पाचही ठिकाणी शिखर स्पष्ट होते, उंच होते, आणि 1.7 हर्ट्झवर होते. थराची स्वाभाविक वारंवारता म्हणजे त्याचा सरासरी वेग भागिले जाडीची चौपट. आमच्या प्रतिमानात वरच्या 20 मीटरांचा सरासरी वेग 212 होता, म्हणजे शिखर 2.6 हर्ट्झच्या आसपास यायला हवे होते. हा फरक उपकरणाच्या चुकीत खपवण्याइतका लहान नव्हता.

प्रकरणातील पहिला खरा निर्णयबिंदू हा होता. एच/व्ही पद्धत ‘पूरक’ आहे, मुख्य मोजणी एमएएसडब्ल्यूची आहे, असे लिहून अहवाल देता आला असता, आणि कोणी जाब विचारला नसता. गटात त्यावर दोन तास बोलणे झाले. शेवटी आम्ही असे ठरवले की दोन स्वतंत्र मोजण्या एकमेकींना खोटे ठरवत असतील, तर त्यांतली सोयीची निवडण्याचा अधिकार आपल्याला नाही. दुसऱ्या दिवशी सचिवांना पत्र देऊन 246 हा आकडा मागे घेतला. ते पत्र लिहिणे अवघड गेले, कारण त्या आकड्यावर डिझायनरचे काम सुरू झाले होते.

मग मूळ नोंदी पुन्हा उघडल्या. दोष दोन होते. घणाच्या आघातातून 8 हर्ट्झखाली वापरण्याजोगी ऊर्जा मिळालीच नव्हती. सर्वांत लांब तरंगलांबी 25 मीटर होती आणि तिच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंतच, म्हणजे बारा-तेरा मीटरांपर्यंतच, मोजणी विश्वासार्ह होती. त्याखालचे आकडे मोजलेले नव्हते, संगणकप्रणालीच्या गृहीतकातून आलेले होते. दुसरा दोष अधिक गंभीर. खोलीबरोबर वेग वाढतच जातो असे आम्ही प्रणालीला सांगितले होते. वर घट्ट भराव आणि खाली मऊ गाळ असेल तर पृष्ठलहरींची ऊर्जा मूळ प्रकारातून वरच्या प्रकारांत सरकते, आणि त्या वेगवान रेषेलाच मूळ रेषा समजले की सगळे वेग फुगून येतात. आदल्याच दिवशी ‘अ’च्या बाजूला कठीण कवचाखाली मऊ माती आम्ही स्वतः पाहिली होती, आणि तरी ‘ब’च्या बाजूला तशी शक्यता मनात आणली नव्हती.

त्या दुपारी भूखंडाच्या कडेला एक वृद्ध गृहस्थ आमचे काम पाहत उभे होते. तरुणपणी ते त्या खाजनाच्या मानशीवर कामाला होते. आम्ही विचारले, “आजोबा, पूर्वी येथे काय होते?” काठीने ‘ब’ इमारतीच्या मध्याकडे दाखवून ते म्हणाले, “पुता, हांगा पोंय आशिल्ली.” पोंय म्हणजे मानशीच्या आतल्या बाजूचा खोलगट डोह. तेथे मासे धरले जात, आणि बांध टेकडीच्या बाजूने कसा वळत होता हेही त्यांनी चालून दाखवले. ती वाट आम्ही नकाशावर काढली, तेव्हा एच/व्हीची शिखरे असलेली पाचही ठिकाणे बांधाच्या खाजनाकडील बाजूला पडली.

पुन्हा मोजणी

आता बोअरशिवाय गत्यंतर नव्हते. पाऊस ओसरल्यावर ‘ब’च्या मध्यात 30 मीटर खोल बोअर घेतले. अडीच मीटर मुरूम संपला आणि एसपीटीची नळी घणाच्या जवळजवळ नुसत्या वजनानेच खाली जाऊ लागली. एन मूल्य एक ते तीन. नळी उघडली तेव्हा आत करडा-काळा, लोण्यासारखा गाळ होता, शिंपल्यांचे तुकडे आणि कुजलेल्या लाकडाचे धागे असलेला. असा गाळ 15 मीटरांपर्यंत होता. त्याखाली सात मीटर टेकडीखालचीच चिकण माती, आणि 22 मीटरांवर झिजलेला खडक.

बोअरमध्ये प्लास्टिकची नळी उतरवून भोवतीची पोकळी सिमेंट-बेंटोनाइटच्या मिश्रणाने भरली आणि मिश्रण घट्ट झाल्यावर डाउनहोल चाचणी केली. बोअरच्या तोंडापासून दोन मीटरवर जाड लाकडी फळी ठेवली, तिच्यावर जीपची पुढची चाके चढवली, आणि फळीच्या एका टोकाला, मग दुसऱ्या टोकाला घण मारला. दोन्ही बाजूंच्या आघातांनी एस लहर उलटसुलट दिशेने उमटते, त्यामुळे इतर गोंगाटातून ती नेमकी ओळखता येते. जिओफोन मीटर-मीटरने खाली नेत आम्ही लहरीच्या आगमनाची वेळ टिपत होतो. गाळात प्रत्येक मीटरला साडेदहा मिलिसेकंद लागत होते, आणि 15 मीटरांची सीमा ओलांडताच तेच अंतर चार मिलिसेकंदांपेक्षाही कमी वेळात कापले जाऊ लागले. आमच्या पहिल्या प्रतिमानानुसार 15 मीटरांपर्यंत लहर 75 मिलिसेकंदांत पोचायला हवी होती. प्रत्यक्षात, फळीच्या तिरकस अंतराची दुरुस्ती करून, 142 लागले.

थरांचे वेग असे ठरले : भराव 240, गाळ 95, चिकण माती 260, झिजलेला खडक 520. व्हीएस 30 आला 163. गाळाच्या तळापर्यंतची सरासरी घेतली तर स्वाभाविक वारंवारता 1.76 हर्ट्झ आणि खडकापर्यंतची घेतली तर 1.48, मोजलेले 1.7 या दोहोंच्या मध्ये चपखल बसत होते. भूखंडावर बोअरखेरीज आणखी कोठे किती गाळ आहे हे मग एच/व्हीच्याच वीस ठिकाणांवरून काढले, कारण आता त्या शिखरांना लावायला मोजलेला वेग हाताशी होता.

डिझायनरशी झालेली चर्चा

दुसरा निर्णयबिंदू टेबलावरचा होता. डिझायनरचा मुद्दा चुकीचा नव्हता. विटांच्या भिंती धरून मानकाच्या सूत्राने 22 मीटर उंच आणि 16 मीटर रुंद इमारतीचा दोलनकाल 0.5 सेकंद येतो. दोलनकालानुसार इमारतीवर किती बल धरायचे हे दाखवणाऱ्या मानकाच्या आलेखात मध्यम जमिनीचा सपाट भाग 0.55 सेकंदांपर्यंत आणि मऊ जमिनीचा 0.67 पर्यंत आहे, म्हणजे 0.5 सेकंदाला दोन्हींचे मूल्य 2.5 च. मग जमीन मऊ निघाल्याने फरक काय पडला?

आम्ही दोन गोष्टी पुढे ठेवल्या. स्टिल्टवरचा मजला मोकळा असल्याने भिंतींचा ताठरपणा पूर्ण गृहीत धरणे बरोबर नाही. केवळ सांगाडा धरला तर दोलनकाल 0.76 सेकंद येतो, आणि तेथे मऊ जमिनीचे बल मध्यम जमिनीपेक्षा सुमारे 23 टक्के जास्त आहे. आणि दुसरे, जमिनीचा स्वतःचा दोलनकाल 0.6 सेकंद आहे, नेमका या दोन टोकांच्या मध्ये. जोराच्या हादऱ्यात गाळ आणखी मऊ होतो आणि त्याचा दोलनकाल 0.76 च्या दिशेने सरकतो. इमारतीला तडे गेले की तिचाही लांबतो. दोघे बरोबरीने लांबत जाणे ही सर्वांत वाईट शक्यता. मानकाचा गुळगुळीत आलेख अशा एका भूखंडाचे शिखर दाखवत नाही. डिझायनरने शांतपणे ऐकून घेतले, स्वतः जमिनीच्या प्रतिसादाचे गणित करून पाहिले, आणि आठवड्याने आराखडा बदलायला तयार झाले.

परिणाम

‘ब’ इमारत पूर्णपणे टेकडीकडे सरकवण्याइतकी जागा नव्हती. दगडी स्तंभ किंवा उभ्या निचऱ्याच्या पट्ट्या घालून गाळ सुधारण्याचा विचार झाला, पण शेजारच्या जुन्या घरांना खचण्याचा धोका होता आणि मुदतही लांबली असती. शेवटी ‘ब’ स्टिल्टवर तीन मजल्यांची झाली, म्हणजे तिचा दोलनकाल 0.28 ते 0.5 सेकंदांच्या दरम्यान आला. पाया झिजलेल्या खडकात टेकवलेल्या पाईलचा, म्हणजे जमिनीत खोल उतरवलेल्या खांबांचा. खचणारा भराव पाईलला खाली ओढतो ते वजन, आणि गाळ व चिकण माती यांच्या सीमेवर पाईलला येणारा बाक, ही दोन्ही वेगळी धरली. पाईल घातले तरी जमीन मऊच राहते, म्हणून बलांचे गणितही मऊ जमिनीचेच ठेवले. स्टिल्टमध्ये काँक्रीटच्या भिंती वाढवल्या. ‘अ’वर एक मजला चढवून काही सदनिकांची भरपाई झाली, सगळ्यांची नाही. दोन सदस्य संस्थेतून बाहेर पडले, त्यांपैकी एक जण शेवटपर्यंत आमच्यावर नाराज होते. त्यांची नाराजी रास्त होती. पहिला आकडा आम्ही घाईने सांगितला नसता, तर त्यांचे नियोजन दोनदा कोलमडले नसते.

पुन्हा करायचे झाल्यास

एच/व्हीची मोजणी आम्ही सर्वांत आधी करू. एका माणसाला एका दिवसात पंधरा ठिकाणे होतात, आणि बोअर कोठे घ्यायचे ते त्यातून कळते. आम्ही हे नेमके उलट केले. जांभ्याच्या भागात एन मूल्य 50 च्या वर गेले म्हणून बोअर थांबवू नये, कवचाखाली किमान काही मीटर जावे, असे आता आम्ही कामाच्या अटींतच लिहितो. पृष्ठलहरींच्या गणितात वेग कमी होण्याची मुभा ठेवतो, आणि विश्वासार्ह खोली जेथे संपते तेथे आलेखावर रेघ मारून खालचा भाग करड्या रंगात देतो. व्हीएस 30 चा आकडा थरांच्या तक्त्याशिवाय, सुटा, कोणालाही सांगत नाही. फोनवर तर नाहीच. आणि भूखंडावर पहिल्या दिवशी जातो तेव्हा मानस कोठे होती, बांध कोठून जायचा, हे विचारायला जुन्या माणसांकडे आधी जातो.

एका गोष्टीबद्दल आमच्यात अजून मतभेद आहे. ‘ब’च्या जागेवर रात्रीच्या शांत वेळेत मोठ्या वर्तुळात उपकरणे मांडून सूक्ष्म कंपनांवरूनच खोलवरचा वेग काढता आला असता, मग बोअरसाठी पावसाळा संपेपर्यंत थांबावे लागले नसते, असे काहींना वाटते. मला तसे वाटत नाही. नळी उघडून तो गाळ प्रत्यक्ष दाखवला नसता, तर संस्थेने तीन मजले सोडले असते असे मला वाटत नाही.

शेजारच्या भूखंडाच्या मालकांनी अलीकडे आमचा अहवाल मागितला. तोच आकडा वापरता येईल का, अशी त्यांची विचारणा होती. जुना बांध त्यांच्या जमिनीतून तिरका जातो. एका कोपऱ्यात गाळ पाच मीटरही नसेल आणि दुसऱ्यात वीस मीटरही असू शकेल. संस्थेची परवानगी घेऊन आम्ही त्यांना अहवालासोबत बांधाचा नकाशा दिला आणि त्यांच्या जमिनीवर उपकरण ठेवायला एक दिवस मागितला आहे.